खिडकीबाहेरून ऐकलेला मनोहर

१७ मार्च २०२०, न्यूनेन, नेदरलँड्स

कालपासून नातीची, मृण्मयीची शाळा बंद झाली. ओमकार आणि श्रुतीची ऑफिसं गेल्या आठवड्यातच घरात आली आहेत. मुलगा माळ्यावर, सून जेवणाच्या टेबलाशी. मी काही बोलायला गेले की दोघं धावत जाऊन माइक बंद करतात. म्हणून ठरवलं, आता बोलायचं ते वहीत. श्रुतीने हेमा नावाच्या दुकानातून वही आणून दिली आहे. कागद जाड, छान आहे, पण रेघा नाहीत, त्यामुळे माझ्या ओळी उताराला लागतात.

परतीचं विमान २८ला.

२३ मार्च

विमानं बंद. ओमकार खाली येऊन म्हणाला, "आई, अडकलीस तू आता." चेहरा अगदी वाईट वाटल्यासारखा केला होता. मग शिट्टी वाजवत वर गेला.

२ एप्रिल

रामनवमी. तुर्की दुकानातली सुंठ आणून सुंठवडा केला. जरा जहाल झाला.

मृण्मयीला शाळेत 'स्प्रेकबर्ट' करायचा आहे. म्हणजे वर्गापुढे उभं राहून एका विषयावर पंधरा मिनिटं बोलायचं. शाळा उघडली की तिची पाळी. तिने घोडे हा विषय घेतला होता, पण घोडे आणखी दोघींनी घेतलेत. तिच्या युफने, म्हणजे बाईंनी, कळवलं की असं काहीतरी निवड जे दुसऱ्या कुणाच्या घरी नाही.

जेवताना तिने विचारलं, आपल्या घरी असं काय आहे? (ती इंग्रजीत विचारते, मी मराठीत लिहिते.) श्रुती म्हणाली, "चकलीचा सोऱ्या." ओमकार पानातून वर न बघता म्हणाला, "तुझे आजोबा. ते अंतराळवीर होणार होते."

माझ्या हातात वरणाचा डाव होता. तो मी परत पातेल्यात ठेवला.

"रिअली?" मृण्मयी म्हणाली. "आजी, रिअली?"

मी म्हणाले, पोळी संपव आधी.

५ एप्रिल

तीन दिवस ती मागे लागली आहे. मी नाही म्हणते. का नाही म्हणते ते निदान इथे तरी लिहावं.

मनोहर गेला तेव्हा ओमकार दोन वर्षांचा होता. त्याला मी एवढंच सांगत आले, बाबा वैमानिक होते, विमान पडलं. घरात लावलेल्या फोटोत मनोहर साध्या चौकड्याच्या शर्टात आहे. गणवेशातले सगळे फोटो मी पेटीत टाकले. मुलाला ते रोज दिसू नयेत म्हणून. मी शाळेच्या ग्रंथालयात नोकरी धरली, त्याला वाढवलं, आणि तो विषय घरात निघू दिला नाही. लोकांना वाटायचं मला त्रास होतो. त्रास व्हायचाच, पण ते कारण नव्हतं.

९ एप्रिल

आज सांगायला सुरुवात केली. मृण्मयी म्हणाली, "आजी, यू आर माय ओन्ली सोर्स." ग्रंथपाल बाईला असं म्हटल्यावर ती काय करणार?

पाठीमागच्या अंगणात ऊन होतं. तिथे खुर्च्या टाकून बसलो. मी मराठीत सांगते, ती डचमध्ये लिहून घेते, मधे इंग्रजीत शंका काढते.

मनोहर खांबेटे, मिरजेचा. वडील दवाखान्यात कंपाउंडर. उंची पाच फूट चार इंच, पण कुणी विचारलं तर पाच फूट पाच म्हणून सांगायचा. हवाईदलात गेला तेव्हा पहिला महिनाभर त्याला विमानात ओकारी व्हायची. शिकवणाऱ्याला कळलं असतं तर घरी पाठवलं असतं. म्हणून तो स्वतःच्या हातमोज्यात ओकायचा आणि उतरल्यावर मोजा खिशात घालून हसतहसत सलाम ठोकायचा.

मृण्मयी खुर्चीवरून खाली पडायची बाकी राहिली. "कॅन आय से धिस? इन क्लास?"

म्हणाले, सांग की. खरं आहे ते.

स्वतःलाही नवल वाटलं. मी हसत होते.

१४ एप्रिल

रोज साडेतीनला आमची बैठक असते. आज लग्नाचं झालं. १९७८. लग्नानंतर महिन्याभरात त्याने मला 'अहो' बंद करायला लावलं. "विमानात मला सगळे नावाने हाक मारतात, घरात काय पाहुणा आहे?" मिरजेला गेलं की मी पुन्हा 'अहो' म्हणायची आणि तो मुद्दाम ओ द्यायचा नाही.

१९८२ मध्ये अंतराळ प्रशिक्षणासाठी वैमानिक निवडायला घेतले. आधी पुष्कळ होते, तपासण्या होत होत थोडे उरले. त्यात हा. बुटका असल्याचा पहिल्यांदाच फायदा झाला, यानात जागा कमी लागते म्हणे. बातमी सांगायला आला तेव्हा मी ओमकारला आंघोळ घालत होते. साबणाच्या हातानेच ऐकलं. मी काय म्हणाले? "जेवायला काय देतात तिथे?" असलं काहीतरी.

२२ एप्रिल

यान रशियाचं, म्हणून त्यांना रशियन शिकायची होती. त्याने घरभर चिठ्ठ्या चिकटवल्या. मिठाच्या बरणीवर 'सोल', पावावर 'ख्लेब', दारावर 'द्वेर'. शब्द देवनागरीत, कारण मलाही आले पाहिजेत असा हट्ट. मला अजून आठ-दहा येतात.

हे सांगितल्याचा परिणाम असा की मृण्मयीने आज घरभर डच चिठ्ठ्या लावल्या, माझ्यासाठी. मिठावर 'झाउट'. दारावर 'डूर'. ओमकारच्या पाठीवर 'पापा'. तो तसाच मीटिंगला बसला.

३० एप्रिल

बंद खोलीची गोष्ट सांगितली. बंगळूरला एकेकाला आठवडाभर एका खोलीत एकटं ठेवत. खिडकी नाही, घड्याळ नाही, बोलायला कुणी नाही. बाहेर आल्यावर डॉक्टरांनी विचारलं, सगळ्यात जास्त कशाची आठवण झाली? बाकीच्यांनी सूर्यप्रकाश वगैरे सांगितलं. मनोहर म्हणाला, "बायकोच्या ओरडण्याची." ते त्यांनी खरोखरच अहवालात लिहिलं.

मृण्मयी विचार करून म्हणाली, म्हणजे आजोबांचंही लॉकडाउन होतं.

पण आजीशिवाय, मी म्हणाले.

४ मे

इथे आज युद्धात गेलेल्यांचा स्मरणदिन. संध्याकाळी आठला सगळा देश दोन मिनिटं गप्प उभा राहतो. एरवी चौकात जमतात, यंदा आपापल्या दारात. लख्ख उजेड होता. समोरच्या घरातलं जोडपं, कोपऱ्यावरची एकटी बाई, आम्ही चौघं. एक सायकलवाला रस्त्यातच उतरून हँडल धरून उभा राहिला.

मी मनोहरला आठवायचं ठरवलं होतं, पण डोळ्यांपुढे आला सतरा वर्षांचा ओमकार. कावीळ होऊन पडलेला. तो आत्ता माझ्या शेजारीच उभा होता, डोक्यावर पांढरे केस दिसायला लागलेत.

सांगायला हवं. आज नाही.

१२ मे

शाळा अर्ध्या वर्गाने सुरू झाली. एक दिवसाआड जाते. आज तिने तो प्रश्न विचारलाच, "हाउ डिड ही डाय?"

सांगितलं. ११ नोव्हेंबर १९८३. प्रशिक्षण चालू असतानाही उडण्याचा सराव सुटू नये म्हणून त्यांना नेहमीची विमानं चालवावी लागत. उतरताना इंजिनात घार शिरली. त्याने बाहेर उडी घेतली, पण जमीन फार जवळ होती. हवाई छत्री उघडायला वेळ मिळाला नाही. वय तेहेतीस.

मी मटार सोलत होते. कमांडरच्या पत्नी आल्या, मागे दोन अधिकारी. मी म्हणाले, बसा, चहा टाकते. त्या बाईंनी माझ्या हातातली शेंग काढून घेतली आणि माझा हात धरून ठेवला. तेव्हा कळलं.

लोक नंतर सांगायचे की खाली वस्ती होती, ती वाचवायला त्याने विमान वळवलं, म्हणून उडीला उशीर झाला. पुण्याच्या एका सभेत तर वस्तीचं नावसुद्धा सांगितलं. मृण्मयीला हे फार आवडलं, ती भराभर लिहायला लागली. मी थांबवलं. "ते लिहू नकोस. मला माहीत नाही. तिथे कुणीच नव्हतं त्याच्याबरोबर. त्याने वळवलंही असेल. नाहीतर घाबरला असेल, दोन सेकंद हात चालला नसेल. तसंही असलं तरी तो माझा मनोहरच."

तिने खोडलं. जरा वेळाने माझ्या मांडीवर येऊन बसली. दहा वर्षांची घोडी, पाय जमिनीला टेकतात.

पुढल्या वर्षी दुसरं कुणी वर गेलं आणि सुखरूप परत आलं. सगळ्यांना वाटलं मी रेडिओ बंद करीन. मी ऐकला. शेवटपर्यंत.

१९ मे

अॅमस्टरडॅमजवळच्या डीमनहून मैत्रीण नंदाचा फोन. तीही लेकीकडे अडकली होती. तिला खास विमानात जागा मिळाली, शनिवारी चालली. म्हणाली, "अगं, मागितली की देतायत." ओमकारला सांगितलं तर म्हणाला, "नंदामावशी नशीबवान. मी रोज बघतो आई, एक सीट नाही." बिचारा रोज बघतो.

२१ मे

इथे आज सुट्टी, येशू स्वर्गात गेला तो दिवस. ओमकारला म्हणाले, चल फिरायला. पवनचक्कीच्या रस्त्याने निघालो. दोन्हीकडे शतावरीच्या शेतांचे लांबलांब वाफे. मी सरळ सांगून टाकलं. जसं बोललो तसं लिहिते.

"ओमकार, एनडीएच्या लेखी परीक्षेचा निकाल आठवतो तुला?"

"म्हणजे काय! नापास झालो तो एकमेव पेपर. मी काविळीने पडून होतो, तू ग्रंथालयात यादी बघून आलीस."

"यादीत तुझा नंबर होता."

तो चालत राहिला. चार-पाच पावलांनी थांबला.

"मुलाखतीचं पत्रही आलं होतं," मी म्हणाले. "मी फाडलं."

मला वाटलं होतं ओरडेल. तो माझ्याकडे बघत म्हणाला, "मी पास झालो होतो?" आवाज सतरा वर्षांचा. "आई, मी पास झालो होतो?"

"हो."

तो हसला. खरंच हसला, तोंडभर. आणि मग ते हसू जाताना मी पाहिलं. म्हणाला, "बावीस वर्षं मला वाटतंय, मी बाबांच्या जवळपासही नव्हतो. पहिल्या पायरीवरच आपटलो. तू मला तसं वाटू दिलंस."

मी म्हणाले, मला भीती वाटत होती.

"मग तसं सांगायचंस. 'मला भीती वाटते, जाऊ नको' म्हणायचंस. मी कदाचित गेलो नसतो. पण ते माझं होतं, आई."

मग आम्ही परत फिरलो. तो माझ्या पुढे चालत होता, पण वळणावर प्रत्येक वेळी थांबत होता.

२३ मे

बोलणं कामापुरतं. सकाळी म्हणाला, "४ जूनचं तिकीट मिळालंय." काय योग बघा, इतके दिवस एक जागा नव्हती आणि नेमकी आत्ता निघाली. श्रुतीने चमचा जरा जोरात आपटला. कामाचा ताण आहे तिला.

बॅग काढून ठेवली. तरी एक सांगते, छातीवरून मोठं काहीतरी उतरलं आहे. झोप छान लागली. याची लाज वाटावी का?

२५ मे

श्रुती माझ्याजवळ येऊन बसली, मेथी निवडायला. म्हणाली, "आई, तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत. त्याला वाईट वाटतंय ते तुमच्यामुळे कमी आणि त्या सतरा वर्षांच्या मुलासाठी जास्त." मग म्हणाली, "मृण्मयी उद्या काही भलतंच व्हायचं म्हणाली तर मी काय करीन, मला माहीत नाही." तिला माझ्यावर रागवायचा पूर्ण हक्क आहे. पण ही मुलगी माझ्या बाजूची निघाली.

२७ मे

दुपारी ओमकार माळ्यावरून उतरला आणि साडेतीनच्या आमच्या बैठकीत खुर्ची घेऊन बसला. मृण्मयीला म्हणाला, तुझं लिहिलेलं वाच. तिने डचमधून वाचलं. मला काही कळलं नाही, पण मी त्याचा चेहरा बघत होते. मोज्याच्या ठिकाणी तो इतका हसला की डोळे पुसावे लागले. ही गोष्ट त्याने आयुष्यात ऐकली नव्हती. सदतीस वर्षं मी ती एकटीनेच ठेवून घेतली होती.

ती खेळायला पळाल्यावर त्याने विचारलं, "माझा नंबर काय होता?"

मी सांगितला. सहाही आकडे.

"पाठ आहे?"

"विसरायचा पुष्कळ प्रयत्न केला."

मग म्हणाला, "मी गेलो असतो तर श्रुती भेटली नसती, ही कार्टी नसती, हे सगळं मला समजतं. त्याने राग जात नाही. पण तो रोज थोडा कमी होतोय, तेवढं चालेल तुला?"

म्हणाले, चालेल. मला एकदम सगळा गेलेला आवडलाही नसता. एवढं मोठं चुकल्यावर थोडा राग तरी राहायला हवा.

मग त्याने सांगितलं, बाबांचे गणवेशातले फोटो पाहिजेत. पेटीची किल्ली तिकडे घराशेजारच्या मृणालिनीकडे आहे. तिला फोन करून पेटी उघडायला लावली. तिने मोबाइलवर एकेक फोटो पाठवला. ओमकार प्रत्येक फोटो मोठा करून बघत होता. एकात मनोहर हेल्मेट काखेत धरून उभा आहे. ओमकार म्हणाला, "किती लहान आहेत गं बाबा. माझ्याहून सहा वर्षांनी लहान."

२९ मे

४ जूनचं विमान रद्द झालं म्हणे. ओमकारने जेवताना सांगितलं. "आता एकदम ऑगस्टमध्ये बघू. व्हिसा वाढलाच आहे." मी विमान कंपन्यांना दोन शब्द बोलले, लोकांना असं खेळवतात म्हणून. श्रुती ठसका लागून स्वयंपाकघरात गेली. मिरची जास्त झाली असावी.

बॅग रिकामी केली. वाईट वाटायला हवं होतं. मोदकाचा साचा परत त्याच खणात ठेवला.

११ जून

शाळा पूर्ण सुरू. स्प्रेकबर्ट पुढच्या गुरुवारी. घरातल्या कुणालाही शाळेत प्रवेश नाही. मृण्मयी हिरमुसली. तिच्या युफचं नाव आन्नेके. त्यांनी कळवलंय की वर्ग तळमजल्यावर आहे, खिडकी उघडी ठेवू, ओमा बाहेर हिरवळीवर खुर्ची टाकून बसू शकतात. ओमा म्हणजे मी.

१८ जून

आज झालं.

ओमकार-श्रुती दोघांच्या मीटिंगा होत्या. मी एकटीच चालत गेले. वीस मिनिटं. निळी इरकल नेसले होते, वरून श्रुतीचा रेनकोट, कारण इथल्या आभाळाचा भरवसा नाही. पाऊस आला नाही. खिडकीखाली खरोखरच खुर्ची ठेवली होती आणि खुर्चीवर उशी.

मृण्मयी फळ्यापुढे उभी राहिली. मागे पडद्यावर हेल्मेट काखेत धरलेला मनोहर, भिंतीएवढा. मी त्याला एवढं मोठं कधी पाहिलं नव्हतं. तो हयात असताना सुद्धा.

ती बोलायला लागली. मला कळत होते ते फक्त मधले शब्द. मनोहर. मिरज. बंगलोर. 'शामला', म्हणजे माझं नाव, तिने घेतलं तेव्हा दोन-तीन मुलांनी खिडकीकडे पाहिलं. मी हात हलवला. एकदा सगळा वर्ग हसला, तो मोज्याला. आणखी एकदा हसला, तो कशाला ते कळलं नाही. मग तिचा आवाज हळू झाला, वर्ग शांत झाला, आणि मला कळलं की आता ११ नोव्हेंबर आला. ते शब्द माझ्या भाषेतले नव्हते, म्हणून की काय, मला ते पूर्ण ऐकता आले. मान खाली घालावी लागली नाही. समोरच्या झाडाखाली एक बाई कुत्र्याला घेऊन थांबल्या होत्या, त्या काही न कळता उगाच माझ्याकडे बघून हसल्या. मीही हसले.

शेवटी प्रश्न. लाल केसांच्या एका मुलीने हात वर केला आणि काहीतरी लांबलचक विचारलं. मृण्मयी गोंधळली. तिने युफकडे पाहिलं, मग सरळ खिडकीशी आली आणि सगळ्या वर्गादेखत मला मराठीत म्हणाली, "आजी, ती विचारते, आजोबा वर गेलेच नाहीत. मग त्यांना अंतराळवीर म्हणायचं का?"

घरात सुद्धा ती मला मराठीत उत्तर देत नाही. आणि आज सव्वीस डच पोरांसमोर.

मला ओमकारचा राग आठवला, ती सभा आठवली, लोकांनी रचलेली वस्ती आठवली. मनोहरला विचारलं असतं तर तो काय म्हणाला असता, एवढाच विचार केला.

"नाही म्हणायचं," मी म्हणाले. "त्यालाही चाललं नसतं. पण तो निघाला होता, असं सांग."

"निघाला होता म्हणजे?"

"म्हणजे घरातून बाहेर पडला होता. वाटेत होता."

तिने वळून सांगितलं. डचमध्ये ते चार-पाच शब्दांतच बसलं. लाल केसांच्या मुलीने मान हलवली, वहीत लिहून घेतलं, आणि तिचं समाधान झालेलं दिसलं. मग त्यांनी टाळ्या वाजवल्या. युफ आन्नेके खिडकीशी आल्या, दीड मीटर अंतर ठेवून छातीवर हात ठेवला आणि इंग्रजीत म्हणाल्या, थँक यू फॉर लेंडिंग हिम टू अस.

परत येताना मी मुद्दाम लांबच्या रस्त्याने आले. कुणाच्या तरी कुंपणावर गुलाब फुलले होते, एक म्हातारा शिडीवर चढून खिडक्या पुसत होता. मला भूक लागली होती, कडकडून.

दार उघडायच्या आत ओमकार माळ्यावरून धडधडत खाली आला. कानात अजून मीटिंगची ती बोंडं अडकलेली.

"कसं झालं?"

"एक शब्द कळला नाही रे," मी म्हणाले. "फार सुंदर झालं."